पाचव्या कुंडीतली माती

१

खिडकीच्या रुंद पाटावर सहा कुंड्या होत्या. सहाही पांढऱ्या, एकाच मापाच्या, प्रत्येकीखाली पांढरी बशी. सहाही कुंड्यांत स्नेक प्लांट. डावीकडून पानं मोजली तर अकरा, नऊ, बारा, दहा, सात, अकरा. पाटाच्या दोन्ही टोकांना एकेक पितळी मेणबत्तीदान होतं. शेगडीशेजारी कोळसे हलवायची सळई, चिमटा आणि फावडं, तिन्ही जागेवर. टेबलावर काचेच्या झाकणाखाली तीन गोल कुरकुरीत बिस्किटं, त्यांवर लोणी आणि साखर चढवलेली गुलाबी-पांढरी बडीशेप. आणि खिडकीखाली, जमिनीवर, खडूनं काढलेली माणसाची आकृती.

वीत्स्कानं आकृतीकडे शेवटी पाहिलं. आधी बाकीचं सगळं मोजून घेतलं. तिची ती सवयच होती, आणि आज त्या सवयीमुळेच ती उभी राहू शकत होती. आकृती तिच्या आत्याची होती.

"काही नाहीसं झालंय?" फौजदार कोमेननं दारातूनच विचारलं.

"नाही."

"मलाही तेच दिसलं. नेल्त्येबाईंच्या कवटीवर मागून जड वस्तूचा घाव आहे, आणि घरातली प्रत्येक जड वस्तू जागेवर आहे, स्वच्छ आहे. म्हणजे मारणारा हत्यार घेऊन आला आणि घेऊन गेला. तुझ्या भावाच्या होडीवर अशा पन्नास वस्तू असतील."

"योरिटनं मारलं नाही, कोमेनसाहेब."

"शनिवारी अंधार पडताना तो इथं ओरडत होता. अर्ध्या गल्लीनं ऐकलं. कशावरून भांडलात म्हणून विचारलं तर तोंड शिवून बसलाय." कोमेननं टोपी काढली, पुन्हा घातली. "पोरी, तुझ्या बापाला मी ओळखत होतो. पण बुधवारी सकाळी आल्कमारहून जिल्हा पोलिसांची गाडी येईल आणि योरिटला घेऊन जाईल. एकदा तो तिकडे गेला की माझ्या हातात काही उरत नाही."

तो सोमवार होता.

वीत्स्का खिडकीशी गेली. नोर्डरहूक गावात पडदे कुणी ओढत नाही. पडदा ओढला की लोक म्हणतात, यांच्या घरात काहीतरी चाललंय. त्यामुळे खिडकी हा घराचा चेहरा, आणि आत्याची खिडकी तर गल्लीतली सगळ्यांत नीटनेटकी. या झाडाला गावात 'बायकांच्या जिभा' म्हणत. आत्याच्या जिभेला धार होती म्हणून लोक हसत: नेल्त्येकडे सात जिभा आहेत, सहा खिडकीत आणि सातवी सगळ्यांत लांब.

तिनं पहिली कुंडी दोन्ही हातांनी उचलली. दगडासारखी जड. दुसरीही. तिसरी, चौथी, सहावीही तशीच. पाचवी मात्र उचलताना तिचे हात एकदम वर आले.

ती हलकी होती. तिनं मातीत बोट घातलं. जानेवारीच्या मध्यावर, आत्याच्या कुंडीतली माती ओली होती.

२

"मी? पाणी? वेड लागलंय का तुला?" आफ्येमावशी आपल्या घरी भांडी विसळता विसळता गर्रकन वळल्या. आत्याकडे घरकामाला त्या नऊ वर्षं जात होत्या. "थंडीत या झाडांना थेंबभर पाणी घातलं असतं तर तुझ्या आत्यानं मला झाडूनं हाकललं असतं. एकदा मी घातलं होतं, पहिल्या वर्षी. महिनाभर माझ्याशी बोलली नाही. मला वाटलं, चला, सुटले!"

त्या हसल्या आणि हसताहसताच रडायला लागल्या.

"आणि माती?" वीत्स्कानं विचारलं. "माती ती कशी करायची?"

"अगं, स्वयंपाक करावा तशी! अर्धी वाळू, ती मागच्या टेकडीवरची. उरलेल्या अर्ध्यात विटांचा चुरा आणि कुजलेला पाला. वर म्हणायची, या झाडाला भूक कमी आणि बुडायची भीती जास्त. पाणी वरून घातलं की खालून निघून गेलंच पाहिजे. तळाशी खापरं घालू द्यायची नाही. म्हणायची, लोक घालतात आणि त्यांना वाटतं पाणी निचरतं. खरं म्हणजे पाणी खापरांच्या वर अडून बसतं."

"बरोबरच आहे ते," वीत्स्का म्हणाली. फुलांचे कंद पिकवणाऱ्यांच्या संघाच्या प्रयोगशाळेत ती दिवसभर लोकांची माती तपासायची. विद्यापीठात तीन वर्षं शिकून जे तिला कळलं ते आत्यानं शाळेच्या वयातच तिला सांगितलं होतं. तेव्हा तिनं ते ऐकलं नव्हतं.

"मावशी, आत्याच्या खोलीत बडीशेपेचा वास येतो."

"ती माझीच बिस्किटं. आमच्या लेकीला मुलगी झाली ना गुरुवारी! मी शनिवारी दुपारी सहा आणली. तीन तुझ्या आत्यानं खाल्ली." आफ्येमावशींनी हात पुसले. "बाळ झाल्याची बिस्किटं खाल्ली आणि त्याच दिवशी..."

झाकणाखालच्या बिस्किटांचा वास खोलीभर पसरत नाही, हे वीत्स्काच्या मनात आलं.

चौकीच्या मागच्या खोलीत योरिट भिंतीला टेकून बसला होता. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले.

"कशावरून भांडलात?"

"तू नको विचारूस."

"बुधवारी गाडी येतेय, योरिट. मी नाही विचारायचं तर कुणी?"

तो आपल्या तळव्यांकडे बघत म्हणाला, "बाबांची होडी बुडाली त्या रात्री बंदराचा दिवा बंद होता."

वीत्स्का तेव्हा चार वर्षांची होती. तिला फक्त ओल्या लोकरीचा वास आठवत होता आणि आईचा आवाज. बंदराचा दिवा चालू होता, होडी वादळानं फिरवली, असा चौकशीचा निकाल झाला होता. एकवीस वर्षं सगळं गाव तेच धरून चाललं होतं.

"आत्यानं तिच्या खिडकीतून पाहिलं होतं. दिवा नव्हता. तीन माणसं पाळीनं दिवा बघायची. तिघांनी शपथेवर सांगितलं की वादळ होतं म्हणून तिघंही दिव्यापाशीच होतो. खोटं. तिथं एकाचीच पाळी होती आणि तोही तिथं नव्हता. कोण, ते तिला ठाऊक होतं."

"कोण?"

"सांगेना! आधी त्याला तोंडावर विचारीन, म्हणाली, मग तुम्हा दोघांना सांगीन. म्हणून ओरडलो मी. एकवीस वर्षं गप्प बसलीस आणि आता त्याची परवानगी घेणार? असं म्हणालो, आणि दार आपटून निघालो." त्यानं तोंड फिरवलं. "माझं तिच्याशी शेवटचं बोलणं ते."

"ती तिघं कोण होती?"

"बियाणंवाला हेसल. आफ्येमावशींचा वारलेला नवरा वाउटर. आणि शेजारचे राइन्डर्टकाका."

३

हेसलच्या दुकानात दारापासून छतापर्यंत मातीच्या पिशव्या रचलेल्या होत्या. वीत्स्कानं गल्ल्यासमोर कागद उलगडला. त्यावर पाचव्या कुंडीतली मूठभर माती होती.

"काका, ही कसली?"

हेसलनं चष्मा लावला. "दलदलीतली काळी माती. पीट. माझीच. अर्धं गाव माझ्याकडून हीच नेतं. बेगोनियाला उत्तम. ही कशात होती म्हणालीस?"

"आत्याच्या 'जिभे'त."

"नेल्त्येच्या? शक्य नाही." त्यानं मान हलवली. "तिनं माझ्याकडून उभ्या जन्मात मातीची पिशवी घेतली नाही. वर माझ्याच दुकानात उभी राहून गिऱ्हाइकांना सांगायची, हेसल तुम्हाला ओला स्पंज विकतोय! हा स्पंजच आहे. भिजला की महिना महिना ओला. त्या झाडाची मुळं यात सडून जातील. आणि एकदा कडकडीत वाळला की पाणीच शोषत नाही, कडेनं सगळं खाली जातं. ज्यानं हे भरलं त्याला झाड जगवायचं नव्हतं. झाड उभं दिसायला हवं होतं, बस."

वीत्स्का त्याच्याकडे बघत राहिली. हा माणूस कुंडी भरणारा असता तर माती चुकली नसती. की म्हणूनच तो हे सांगत होता?

"दिव्याच्या पाळीबद्दल विचारायचंय."

हेसलचा हात कागदावर थांबला. दुकानात दुसरं कुणी नव्हतं, तरी त्यानं आधी दाराकडे पाहिलं.

"मी तापानं फणफणलो होतो," तो हळूच म्हणाला. "घरी. डॉक्टर येऊन गेले होते, त्यांना विचार. पाळी वाउटर आणि राइन्डर्ट आपसात बदलायचे. सकाळी दोघं माझ्या अंथरुणापाशी आले. म्हणाले, तिघंही तिथं होतो असं सांगायचं. कुणाची पाळी होती ते मी विचारलं नाही. मला ते विचारायचंच नव्हतं, पोरी." त्यानं चष्मा काढला. "तुझ्या बापाच्या प्रेताला मी खांदा दिला."

वीत्स्कानं कागदाची घडी घालायला घेतली. हेसलनं तिला थांबवलं, कागद नाकाशी नेला आणि कपाळाला आठ्या पाडल्या.

"यात वाळूही आहे. पण आपल्या टेकडीची नाही, फार पांढरी आहे. आणि हा वास कसला? बडीशेप? माझ्या दुकानातल्या कुठल्याच मातीला बडीशेपेचा वास येत नाही."

४

राइन्डर्टकाकांनी कॉफी ओतली, बिस्किटांचा डबा उघडला, तिला एक बिस्किट दिलं, स्वतः एक घेतलं आणि डबा बंद केला. त्यांची बैठकीची खोली म्हणजे आत्याच्याच खोलीचं आरशातलं रूप होतं; मधे एक पातळ भिंत. खिडकीच्या पाटावर पांढऱ्या कुंड्यांत पाच बेगोनिया होते, एक बरोबर मधोमध.

"काल नेल्त्ये चर्चमध्ये दिसली नाही, म्हणून मागच्या दारानं गेलो," ते म्हणाले. "बाहेरून काही कळत नव्हतं. खिडकी नेहमीसारखी. सगळं जागच्या जागी."

"योरिटचा आवाज तुम्हाला ऐकू आला असेल."

"या भिंतीतून शिंकही ऐकू येते. पण त्याच्यावर राग धरू नकोस. तरुण रक्त आहे. तुझ्या बापानंतर मी त्याला पोटच्या पोरासारखं..." त्यांनी कॉफीचा घोट घेतला. "खा ना बिस्किट."

कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात चार कॅनरी पक्षी होते. राइन्डर्टकाकांच्या पक्ष्यांनी जिल्ह्याच्या स्पर्धेत चारदा बक्षीस मिळवलं होतं. गावात हे ठाऊक नसलेलं माणूस नव्हतं. वीत्स्का उठून पिंजऱ्याशी गेली. तळाच्या ताटलीत पांढरी वाळू पसरलेली होती. ती जरा वाकली आणि तशीच थांबली.

"आमच्या घरमालकिणीचा कॅनरी गायचा बंद झालाय, काका," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला परका वाटला. "तिला कुणीतरी सांगितलं, वाळू बदला."

"दुकानातली घालत असेल! त्यात शिंपले नावालाच असतात." म्हाताऱ्याचा चेहरा पहिल्यांदाच उजळला. "मी स्वतः करतो. समुद्रकाठचे निळे शिंपले भाजायचे, कुटायचे, चाळायचे. तीन भाग वाळूला दीड भागाहून थोडे जास्त शिंपले. वर बडीशेप, पक्ष्यांना पोटाला बरी. गावात अशी वाळू दुसऱ्या कुणाकडे मिळायची नाही."

"थोडी द्याल?"

"थोडी कशाला, ही घे पुडी." त्यांनी वर्तमानपत्राच्या कागदात ओंजळभर वाळू बांधली, दोरा गुंडाळला, गाठ मारली. "आणि तिला सांग, गाणं परत आलं की मला कळव."

दारात त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. लहानपणी ठेवायचे तसाच.

रस्त्यावर आल्यावर तिनं मागं वळून खिडकी पाहिली. या गल्लीत प्रत्येक खिडकीत कुंड्यांच्या जोड्या असतात. दोन, चार, सहा. पाच कुणाकडेच नसतात.

५

मंगळवारी सकाळी वीत्स्का आणि कोमेननं आत्याच्या घरून पाचवी कुंडी चौकीत आणली. कोमेनच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून तिनं ती उलटी केली. झाड निघालं, मुळांना चिकटलेली काळी माती निघाली. मग तळातून खळखळत खापरं पडली.

पांढरी, झिलईची, जाड. कोमेननं एक उचलून उजेडात धरलं. काठावर तपकिरी डाग होता आणि डागात दोन पांढरे केस.



"हत्यार घरातून गेलंच नाही," वीत्स्का म्हणाली. "हीच ती कुंडी, म्हणजे आधीची. आत्याच्या कुंडीत अर्धी वाळू असायची. योग्य माती, पण दगडाइतकी जड. त्यानं ती उचलून तिच्या डोक्यात घातली आणि कुंडी फुटली. आता बघा, आत्या खिडकीच्या खाली पडलेली. सहा झाडं उभी असली की रस्त्यावरून जमीन दिसत नाही. एक गेलं की फट पडते. पडदा ओढायची सोय नाही, दिवा घालवायची नाही, रिकामी जागा तर गल्लीतल्या पहिल्या माणसाच्या नजरेत भरली असती. त्याला ती फट ताबडतोब बुजवायची होती. टेकडीवर वाळू आणायला गेला असता तर कुणीतरी पाहिलं असतं. म्हणून घरात होतं ते आणलं. स्वतःच्या खिडकीतली कुंडी, बेगोनियाची पीट, आणि वरून रंग सारखा दिसावा म्हणून पांढरी वाळू. झाडाची तुटलेली पानं काढून टाकली. आणि झाड लावल्यावर जो तो करतो तेच केलं: पाणी घातलं."

"आणि खापरं?"

"तळाशी खापरं घालायची सवय. ती लपवायलाही तेवढीच जागा होती. आत्या कधी घालत नसे. ते त्याला माहीत नव्हतं."

कोमेननं खापर खाली ठेवलं. "राइन्डर्ट."

"तिनं योरिटला सांगितलं होतं, आधी त्याला विचारीन. भिंतीपलीकडून त्यानं ऐकलं. ती विचारायला जायच्या आधी तोच आला. वाउटर वारला, हेसल आजारी होता, डॉक्टरांनीही फोनवर मला तेच सांगितलं. उरला एक."

"पोरी, मला पटतंय," कोमेन म्हणाला. "पण आल्कमारचा सरकारी वकील मला वेड्यात काढेल. खापरं योरिटनंही घातली असतील, म्हणेल. वास म्हणजे पुरावा नव्हे. बडीशेप आफ्येच्या बिस्किटांवरची. कुंडी कुणाचीही, गल्लीभर सगळ्यांनी एकाच माणसाकडून घेतल्यात. मला असं काहीतरी दे जे फक्त एकाच घराकडे बोट दाखवेल."

वीत्स्कानं खिशातून दोरा बांधलेली पुडी काढून टेबलावर ठेवली.

"आपल्या टेकडीच्या वाळूत चुना जवळजवळ नसतोच. शिंपल्यात चुनाच असतो. आम्ल टाकलं की त्यातून वायू निघतो, आणि तो मोजता येतो. माझ्या प्रयोगशाळेत चला. तुमच्या डोळ्यांदेखत करते. वाटेत आत्याच्या दुसऱ्या कुंडीतली वाळू घेऊ आणि पक्ष्यांच्या दुकानातलीही. दुकानातली जुळली तर मी चुकले."

कोमेन खुंटीवरचा कोट अंगात चढवून मागच्या खोलीच्या दाराशी थांबला. आत योरिट उठून उभा राहिल्याचा आवाज आला.

"गाडी उद्या येणार ती येणारच," तो दाराला म्हणाला. "मागच्या बाकावर कोण बसतं, ते तुझी बहीण आज मोजणार आहे."

प्रयोगशाळेत दिवसभर पाऊस काचांवर आपटत होता. वीत्स्कानं पाचव्या कुंडीतली माती पाण्यात ढवळली. काळी पीट वर तरंगली ती ओतून टाकली, तळाची वाळू भट्टीत सुकवली. सुकलेल्या वाळूत निळे कण चमकत होते. तिनं चारही नमुने एकाच वजनाचे घेतले, प्रत्येकावर तेवढंच आम्ल सोडलं. पहिला नमुना गप्प बसला. बाकीचे तीन फसफसले. काचेच्या नळीतलं पाणी वायूनं खाली ढकललं गेलं आणि थांबलं. प्रत्येक मोजणी तिनं तीनदा केली. कोमेन शेजारी उभा राहून स्वतः आकडे वाचत होता.

आत्याच्या दुसऱ्या कुंडीतली वाळू: चुना शेकडा ०.२.

पक्ष्यांच्या दुकानातली वाळू: शेकडा १२.६.

राइन्डर्टची पुडी: शेकडा ३४.१.

पाचवी कुंडी: शेकडा ३३.९.